टॅमनी हॉल की शिकागोचा एकोणिसावा वॉर्ड?

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन शहरांतली पक्षयंत्रणा (मदत आणि नोकऱ्या देऊन मते बांधून ठेवणारी पक्षाची स्थानिक संघटना) आणि स्थलांतरितांचे जगणे यांचा अभ्यास एकाच शहराच्या आधारे करायचा असेल, तर निवड बहुधा न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यात होते. आमच्या अभ्यासमंडळासाठी ती मलाच करावी लागली आणि दोन्ही शहरे आम्ही एकापाठोपाठ एक अभ्यासली.

न्यूयॉर्कची बाजू वरवर पाहता भक्कम आहे. टॅमनी हॉल या तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेची सूत्रे १९०२ ते १९२४ चार्ल्स मर्फी या एकाच माणसाच्या हाती होती, त्यामुळे कथानकाला सलगता मिळते. टॅमनीचा स्थानिक पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट याची १९०५ साली प्रसिद्ध झालेली भाषणे तर थेट आतल्या माणसाची साक्ष आहेत. आग लागली की आपण लगेच तिथे पोहोचतो, कुटुंबाला निवारा आणि कपडे देतो, आणि महिना-दोन महिने चौकशी करत बसणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे कुणाला पाठवत नाही, असे तो अभिमानाने सांगतो. एवढ्या एका तपशिलातून यंत्रणेचे बळ कळते.

तरीही एका गोष्टीने मला फार त्रास दिला. न्यूयॉर्कवरची आमची प्रत्येक बैठक लाचलुचपतीच्या गोष्टींकडे वळत असे. प्लंकिटचा ‘प्रामाणिक’ मलिदा (शहराच्या योजनांची आतली माहिती वापरून केलेली कमाई) निघाला की टॅमनीचा आधीचा पुढारी ट्वीड याच्या काळातले न्यायालयाच्या इमारतीचे फुगवलेले बिल निघे, मग प्रत्येक जण आपापल्या महापालिकेतले दाखले देऊ लागे, आणि ज्याच्या मतावर हे सारे उभे होते तो सिसिलीचा मजूर किंवा रशियातून आलेला ज्यू शिंपी चर्चेतून निघूनच जाई. दोष ऐकणाऱ्यांचा नव्हता. टॅमनीची साधनेच नेत्यांच्या नजरेतून लिहिलेली आहेत.

शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डात असे होणे जवळपास अशक्य आहे, कारण तिथे नगरसेवक आणि त्याचे टीकाकार एकाच वस्तीत वावरत होते. नगरसेवक जॉनी पॉवर्स १८८८ साली प्रथम निवडून आला. हॉल्स्टेड रस्त्यावरचे हल हाउस, म्हणजे सुधारकांनी स्थलांतरितांच्या वस्तीत राहून चालवलेले सेवाकेंद्र, त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाले. हल हाउसच्या संस्थापक जेन अ‍ॅडम्स यांनी १८९८ साली लिहिलेल्या लेखात पॉवर्सने नाताळात वाटलेल्या सहा टन टर्कींचा हिशेब आहे, परंतु त्याहून मोलाची आहे त्यातली एका अंत्यविधीची हकिकत. हल हाउसच्या पाळणाघरात टाकून दिलेले एक मूल दगावले आणि त्याचे दफन सरकारी खर्चाने करायचे ठरले. हे कळताच शेजारच्या बायका संतापून आल्या आणि त्यांनी वर्गणी काढली. हल हाउसला जे कळले नव्हते ते पॉवर्सला पक्के ठाऊक होते: बेवारशासारखे पुरले जाणे ही त्या वस्तीत सर्वांत मोठी नामुष्की होती, म्हणून तो गरिबांच्या अंत्ययात्रांचा खर्च उचलत असे आणि स्वतः हजर राहत असे. सुधारकांनी त्याच्याविरुद्ध लढवलेल्या निवडणुका का फसल्या, हे या हकिकतीनंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शिकागोची उणीव मान्य करायलाच हवी. तिथले डेमोक्रॅट गटागटांत विभागलेले होते आणि शहरभर पसरलेली एकसंध यंत्रणा १९३१ साली महापौर झालेल्या अँटन सर्मॅकच्या काळातच आकाराला आली. शिवाय १९११ च्या ट्रँगल कारखान्याच्या आगीनंतर, ज्यात १४६ कामगार दगावले, टॅमनीच्याच अल स्मिथ आणि रॉबर्ट वॅग्नर या आमदारांनी कारखाना चौकशी आयोगाद्वारे कामगार कायदे घडवले. त्या तोडीचा अध्याय शिकागोत मला तरी सापडलेला नाही. कायदेमंडळ हाच आपला मुख्य रस असेल तर न्यूयॉर्क घ्यावे.

माणसे समजून घ्यायची असतील, तर मात्र माझा कल एकोणिसाव्या वॉर्डाकडे आहे. अभ्यास १८९८ वर थांबवू नये, एवढेच सुचवेन. वॉर्डात इटालियन बहुसंख्य झाल्यावर आयरिश पॉवर्ससमोर १९२१ साली अँथनी डँड्रिया उभा राहिला, थोडक्या मतांनी हरला आणि त्याच वर्षी गोळ्या घालून मारला गेला. स्थलांतरितांनी स्वतःचा नगरसेवक मागितला तेव्हा काय घडले, ते इथे रस्त्यांच्या नावांनिशी वाचता येते.