वाढत्या कालवडींसाठी युरिया-मळीची चाटण वीट : एका हंगामाचा अनुभव

आमच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाऊस ओसरला की डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागते, आणि मेपर्यंत वाढती गुरे त्या गवतावर व भाताच्या पेंढ्यावर पोट भरतात खरी, पण अंगी काही लागत नाही. पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के असतात. चाऱ्यातली प्रथिने 7 टक्क्यांच्या खाली गेली की गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीवच उपाशी राहतात, तंतू पचत नाहीत आणि खाणेही मंदावते. युरियातल्या नायट्रोजनवर हे सूक्ष्मजीव वाढतात, म्हणून नोव्हेंबरापासून श्वेतकपिला या गोव्यातील देशी जातीच्या कालवडींच्या गव्हाणीत युरिया, उसाची मळी (मोलॅसिस), मीठ आणि खनिजे यांची वीट ठेवली.

पहिला फरक शेणात दिसला. पूर्वी त्यात काड्या अख्ख्या दिसत. आता ते मऊ आणि बारीक पडू लागले, आणि गव्हाणीत उरणारे जाड बुडखेही संपू लागले. जांभ्याच्या जमिनीतल्या गवतात फॉस्फरस कमी, त्यामुळे आमच्या कालवडी हाडे चघळत आणि दोरीवरचे कपडे ओढत. ती खोड हळूहळू सुटली. छातीचा घेर मी फितीने मोजतो (इंचांत घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी, भागिले 660 केल्यास किलोत अंदाजे वजन मिळते). एरवी मार्च-एप्रिलमध्ये जागीच थांबणारा हा घेर या वेळी सावकाश का होईना, वाढत राहिला. यापेक्षा मोठी अपेक्षा विटेकडून ठेवू नये, कारण पोटभर पेंढा नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

विक्रेत्याने मोनेन्सिनही (पोटातील काही सूक्ष्मजीवांना आवर घालून चाऱ्याचा उपयोग वाढवणारे औषध) सुचवले होते. ते मिलिग्रॅमच्या मापात खुराकात एकसारखे मिसळावे लागते, त्यातून प्रथिने मिळत नाहीत, आणि घोड्याच्या तोंडी गेले तर जीवघेणे ठरते. रोजचा खुराक नसलेल्या, चरणाऱ्या गुरांसाठी मला ते योग्य वाटले नाही.

तक्रार एकच, पण गंभीर. एप्रिलच्या दमट हवेत आलेल्या काही विटा इतक्या मऊ होत्या की कालवडी चाटण्याऐवजी लचके तोडू लागल्या. युरिया एकदम पोटात गेला तर विषबाधा होते, म्हणून त्या मी लगेच परत केल्या. वीट दगडासारखी कडकच हवी. सहा महिन्यांखालच्या वासरांना ती देऊच नये, उपाशी जनावरापुढे ठेवू नये, आणि तिच्यावर पाणी साचू देऊ नये.

जूनमध्ये हिरवा चारा येताच वीट काढली. खनिज मिश्रण मात्र चालूच आहे, कारण फॉस्फरसची उणीव पावसाळी गवतानेही भरून निघत नाही.