बायरॉइट १९५१ची नववी: तीन आवृत्त्यांतली कोणती घ्यावी?

२९ जुलै १९५१ला युद्धानंतरचा पहिला बायरॉइट महोत्सव (जर्मनीतला वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव) बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीने सुरू झाला. कंडक्टर होते विल्हेल्म फुर्टवेंग्लर. श्वार्त्सकोप्फ, ह्योंगेन, होप्फ आणि एडेलमान हे चार गायक, शिवाय महोत्सवाचा कोरस. त्या दिवसाचं म्हणून विकलं जाणारं ध्वनिमुद्रण आज तीन रूपांत मिळतं, आणि तिन्हींत ऐकू येणारं वादन एकच नाही.

सगळ्यांत प्रसिद्ध आवृत्ती ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची. फुर्टवेंग्लर नोव्हेंबर १९५४मध्ये गेले आणि १९५५मध्ये ती बाजारात आली. पुढची पन्नासेक वर्षं श्रोते हीच मैफल समजून ऐकत होते. २००८मध्ये ओर्फेओ या कंपनीने बव्हेरियन रेडिओची टेप काढली, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की ईएमआयचा बराचसा भाग रंगीत तालमीतला असून त्याला मैफलीतले तुकडे जोडलेले आहेत. २०२१मध्ये बीआयएस या कंपनीने स्वीडिश रेडिओकडची थेट प्रक्षेपणाची टेप आणली. ती ओर्फेओशी जुळते, त्यामुळे वाद जवळपास मिटला.

मग ईएमआय बाद? अजिबात नाही. वाद्यवृंदाचं अंग, डबल बेसचा भार आणि टिंपनीची (मोठ्या नगाऱ्यांची) धार तिच्यातच सर्वांत भरीव येते. संथ भागाला १९ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. बेथोव्हनने तिथे मिनिटाला ६० ठोके लिहिले आहेत, फुर्टवेंग्लर त्याच्या निम्म्याहून थोडेच पुढे असतात. इतक्या ठाय लयीतही व्हायोलिनची ओळ कुठे तुटत नाही, हे आधी ऐकावं. चौथ्या भागात कोरसचा ‘फोर गॉट’ (‘देवापुढे’) या शब्दांवरचा थांबा श्वास संपेल की काय इतका लांबतो. शेवटच्या प्रेस्टिसिमोत, म्हणजे अतिद्रुत भागात, मात्र वेग वाद्यवृंदाच्या हाताबाहेर जातो आणि अखेरचे बार (तालाचे छोटे समान तुकडे) गढूळ होतात. तो दोष वादनातलाच आहे, रिमास्टरिंगने जाणार नाही. घ्यायचीच तर २०२१च्या वॉर्नर संचातली आवृत्ती घ्या, पण त्यासाठी ५५ सीडी विकत घेण्याची गरज नाही, स्ट्रीमिंगवर भागतं.

ओर्फेओचा आवाज स्वच्छ, पण ईएमआयपेक्षा अंमळ सपाट. बीआयएसचा आवाज तारेने जर्मनीहून स्टॉकहोमला पोचलेला, त्यामुळे वरचे स्वर कापले गेले आहेत आणि पार्श्वभूमीला खरखर आहे. तरी मैफल म्हणून ऐकायची तर हीच, कारण निवेदन, भागांमधली शांतता आणि शेवटच्या टाळ्या इथे जशाच्या तशा ठेवल्या आहेत. नवख्याने मात्र इथून सुरुवात करू नये.

आवाजाची पातळी पहिल्या काही बारवरून ठरवू नका. सुरुवात मुद्दाम कुजबुजीसारखी आहे. ती नीट ऐकू यावी म्हणून बटण वर नेलंत, तर पहिल्याच भागात ३०१व्या बारला टिंपनीचा कडकडाट कान फोडेल. त्या जागेवर पातळी लावा आणि मग मागे जाऊन सुरू करा.

ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच आवाज. एलपी ऐकत असाल तर अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा, खाचेतल्या उभ्या हालचालीची खरखर बरीच कमी होते. पहिल्या छपाईची मोनो एलपी असेल तर सुमारे २५ मायक्रॉनची सुई चांगली, बारीक स्टीरिओ सुई खाचेच्या तळाकडे उतरते आणि तिथली घाण वाचते. जुन्या बाजारात कृत्रिम स्टीरिओ केलेल्या प्रतीही सापडतात. त्यात एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार स्वर ढकललेले असतात, आणि मोनो बटण दाबूनही मूळ आवाज परत मिळत नाही. कितीही स्वस्त असली तरी ती प्रत सोडा.

यांपैकी कशाचाच आवाज सोसत नसेल, तर फुर्टवेंग्लरचीच ऑगस्ट १९५४ची लुसर्नची नववी घ्या. फिलहार्मोनिया वाद्यवृंद, ऑडिटे या कंपनीची आवृत्ती, मूळ रेडिओ टेपवरून केलेली. तिथे संथ भागातली लाकडी सुषिर वाद्यं एकेक करून वेगळी ऐकू येतात. बायरॉइटचा ताण मात्र तिच्यात नाही.