जुन्या प्लेस्टेशन गेम्सचा बॅकअप: सीएचडी वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्याकडच्या पीएस१ आणि पीएस२च्या सगळ्या मूळ डिस्कचा बॅकअप आता सीएचडी फॉरमॅटमध्ये आहे, म्हणजे अख्खी डिस्क दाबून एकाच फाइलमध्ये. सहा-सात महिने हाच संग्रह वापरतोय आणि परत बिन-क्यू या जुन्या, अनेक फाइल्सच्या प्रकाराकडे जावंसं वाटलेलं नाही.

'रिज रेसर' घ्या. गेम सुरू होतानाच अख्खा मेमरीत चढतो, म्हणून डिस्क काढून आपली गाण्यांची सीडी घातली तरी शर्यत चालू राहते. डिस्कवर बाकी सगळे संगीताचेच ट्रॅक. नीट प्रत काढली की प्रत्येक ट्रॅकची वेगळी बिन फाइल आणि वर त्या सगळ्यांची यादी असलेली एक क्यू फाइल, असा पसारा होतो. त्यातल्या एकीचं नाव बदललं तरी क्यूला ती सापडत नाही. मेम या इम्युलेटरसोबत (जुनी गेम-यंत्रं कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) मिळणारं सीएचडीमॅन हे साधन हे सगळं एका फाइलमध्ये बांधतं, तेही मूळ डेटातलं काही न गमावता. शिवाय फाइलच्या आतच शा-१ चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो. सीएचडीमॅनची 'व्हेरिफाय' आज्ञा चालवली की हार्ड डिस्कवर पडून फाइल खराब झाली का, हे लगेच कळतं. माझ्यासाठी जागा वाचण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. व्हिडिओंनी भरलेल्या गेम्समध्ये जागा तशीही फारशी वाचत नाही.

सीएचडी करण्याआधी मात्र बिन फाइल्सचे चेकसम रीडम्पच्या (मूळ डिस्कच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ) यादीशी ताडून बघाच. माझ्या 'टेकेन ३'च्या डिस्कवर चरे होते. प्रत सुरू व्हायची, लढतीही व्यवस्थित व्हायच्या, पण चेकसम काही जुळेना. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचली, तेव्हा कुठे जुळला. गेम चालतोय म्हणजे प्रत चांगली, असं अजिबात नाही.

नावंही रीडम्पचीच ठेवा, त्यात देश आणि डिस्क क्रमांक असतो. अमेरिकेहून मावसभावाने आणलेल्या डिस्क एनटीएससी आणि इथे घेतलेल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे ६० आणि ५० हर्ट्‌झचा फरक. एकच गेम दोन्ही प्रकारांत असला की नुसत्या नावावरून गोंधळ होतो. 'फायनल फँटसी ७'सारख्या तीन डिस्कच्या गेमसाठी एम३यू फाइल करा. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तिन्ही सीएचडींची नावं एकाखाली एक लिहायची, बस्स. मग डकस्टेशन या पीएस१ इम्युलेटरमध्ये तो एकच गेम दिसतो आणि डिस्क बदलणं मेनूतून होतं.

एक अडचण आहे. खऱ्या पीएस२वर प्रतींवरून गेम चालवणाऱ्या ओपन पीएस२ लोडर या प्रोग्रामला सीएचडी चालत नाही, त्यामुळे त्या गेम्सच्या आयएसओ, म्हणजे न दाबलेल्या प्रती, वेगळ्या ठेवाव्या लागतात. फक्त इम्युलेटरवर खेळणाऱ्यांना हा त्रास नाही, पीसीएसएक्स२ हा पीएस२ इम्युलेटर सीएचडी थेट उघडतो.

आणि सेव्ह फाइल्स विसरू नका. पीएस१चं मेमरी कार्ड जेमतेम १२८ केबीचं, पण खराब झालेल्या डिस्कच्या जागी दुसरी मिळू शकते, तुमचे सेव्ह कुठेच मिळणार नाहीत. मी ते वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन ड्राइव्हवर ठेवतो आणि दर रविवारी कॉपी करतो.