नऊ मीटर की आठ मीटर? बीच व्हॉलीबॉलचे जुने आणि नवे नियम

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एखाद्या क्लबाने दिवाळीनंतर बीच व्हॉलीबॉलची स्पर्धा भरवायचे ठरवले, की बक्षिसांच्या रकमेइतकाच वाद एका गोष्टीवर होतो: खेळायचे कोणत्या नियमांनी? जुन्या नियमांत मैदान १८ बाय ९ मीटर असे, गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळे आणि सामना बहुधा १५ गुणांच्या एका सेटचा असे. नव्या नियमांत मैदान १६ बाय ८ मीटर आहे, प्रत्येक रॅलीला (सर्व्हिसपासून चेंडू मरेपर्यंतच्या खेळाला) कोणाला ना कोणाला गुण मिळतो, २१ गुणांचे दोन सेट होतात आणि बरोबरी झाल्यास १५ गुणांचा तिसरा खेळवला जातो. व्यावसायिक खेळात हा बदल २००१-०२ च्या सुमारास पक्का झाला. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची पुरुषांची अंतिम लढत कार्च किराय आणि केंट स्टेफ्स यांनी १२-५, १२-८ अशी जिंकली होती (ती लढत १२ गुणांच्या सेटची होती). २००४ मध्ये अथेन्सला मिस्टी मे आणि केरी वॉल्श यांनी महिलांची अंतिम लढत २१-१७, २१-११ अशी जिंकली. या दोन गुणफलकांच्या मधल्या आठ वर्षांत खेळाचे गणितच बदलले, आणि जुने खेळाडू त्यावर आजही तावातावाने बोलतात.

क्लबाने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की मैदानाचा आकार आणि गुणपद्धती हे दोन वेगळे निर्णय आहेत. वादात ते नेहमी एकत्र बांधले जातात आणि मग कोणाचेच म्हणणे नीट ऐकले जात नाही.

मैदानाचे पाहू. जुने क्षेत्रफळ १६२ चौरस मीटर, नवे १२८. म्हणजे मैदानावरच्या चौघांपैकी प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला पूर्वी साडेचाळीस चौरस मीटर वाळू येत असे, ती आता ३२ वर आली. मैदान लहान केले तर बचाव सोपा होईल, चेंडू अधिक वेळ खेळात राहील आणि प्रेक्षकाला लांब रॅली पाहायला मिळेल, हा त्यामागचा विचार होता आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. जुन्या पक्षाची तक्रारही तितकीच खरी आहे. लहान मैदानात नेटवरचा एक उंच ब्लॉकर (हात उंचावून फटका अडवणारा) मैदानाचा फार मोठा हिस्सा झाकून टाकतो, आणि मागे धावणाऱ्या चपळ, बुटक्या खेळाडूचे मोल तेवढे घटते. २००८ च्या ऑलिंपिक विजेत्या जोडीतला फिल डालहाउसर दोन मीटरहून उंच होता, हा योगायोग नव्हे. मात्र २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण जिंकलेल्या डेव्हिड ओमान आणि योनाटन हेल्विग या स्वीडिश जोडीने उडी मारून सेट देण्याच्या (म्हणजे सहकाऱ्याला फटक्यासाठी चेंडू उंचावून देण्याच्या) आणि तीन स्पर्शांची मुभा असताना दुसऱ्याच स्पर्शावर आक्रमण करण्याच्या शैलीने याच लहान मैदानात उंच ब्लॉकरना हतबल केले. उंचीची सद्दी नियमाने आणली खरी, पण तिच्यावरचा उताराही त्याच मैदानात सापडला. ज्या मुलांना पुढे राज्याच्या किंवा देशाच्या निवड चाचणीला जायचे आहे, त्यांना नऊ मीटरच्या सवयीत अडकवणे अन्यायाचे होईल, कारण तिथे आठ मीटरचीच पट्टी आखलेली असते. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यातच झाल्या आणि त्यांत बीच व्हॉलीबॉलही होता, त्यामुळे हे स्वप्न आपल्या मुलांपासून फार दूरचे नाही. पट्टी आखताना दोन्ही अर्ध्या भागांचे कर्ण टेपने मोजावेत. प्रत्येक कर्ण ११ मीटर ३१ सेंटिमीटर भरला तरच कोपरे काटकोनात आले असे समजावे. नुसत्या बाजू मोजल्या तर वाळूवर मैदान हटकून तिरके होते.

गुणपद्धतीचा प्रश्न अधिक खोल आहे. जुन्या पद्धतीचे समर्थक म्हणतात की सर्व्हिस मिळवायची, ती राखायची आणि मग गुण कमवायचा, यात जिद्दीची खरी कसोटी लागते. नव्या पद्धतीचे समर्थक म्हणतात की त्यामुळे सामने संपता संपत नसत. आकडेमोड केली तर दुसरे म्हणणे अर्धेच बरोबर निघते. समजा, सर्व्हिस झेलणारा संघ तीनपैकी दोन रॅली जिंकतो. जुन्या पद्धतीत मग तीन रॅलींमागे एकच गुण नोंदला जाईल आणि १५-१० असा सेट संपायला सुमारे ७५ रॅली लागतील. नव्या पद्धतीत २१-१८ असे दोन सेट ७८ रॅलींत संपतात. सरासरी जवळपास तीच आहे! फरक आहे तो अनिश्चिततेत. जुन्या पद्धतीत दुबळ्या जोड्यांचा एकतर्फी सामना चाळीसेक रॅलींत आटोपतो, पण सर्व्हिस उत्तम झेलणाऱ्या दोन तुल्यबळ जोड्या समोरासमोर आल्या तर १२० रॅलीही पुरत नाहीत. खेळाचा दर्जा जितका वरचा, तितका सामना लांबतो, म्हणजे अंतिम सामनाच सर्वांत लांबण्याचा धोका असतो.

मांद्र्याला एका जानेवारीत मी हे प्रत्यक्ष पाहिले. अंतिम सामना १३-१२ वर होता आणि लागोपाठ अकरा रॅली फलक हलला नाही. आकडे बदलणारा मुलगा पुढचा आकडा हातात धरून तसाच उभा होता. सूर्य पाण्याला टेकला, चेंडू काळपट दिसू लागला आणि शेवटी तो कोणी झेलला यापेक्षा कोणाला दिसला, यावर करंडक ठरला. दोन्ही जोड्यांच्या वर्षभराच्या मेहनतीचा तो शेवट पाहून मला फार वाईट वाटले. आपल्याकडे याला सोपा उतारा नाही. मोरजी आणि मांद्रे ही सागरी कासवांची विणीची ठिकाणे आहेत, आणि विणीच्या हंगामात किनाऱ्यावर प्रखर दिवे लावणे योग्य नाही व त्यावर निर्बंधही आहेत. म्हणून सामना उजेडातच संपला पाहिजे. एका रॅलीला मध्यंतरासह अर्धा मिनिट धरला तर नव्या पद्धतीचा सामना साधारण तीस ते पंचावन्न मिनिटांत बसतो. आठ जोड्यांच्या बाद फेरीचे सात सामने एका मैदानावर सकाळपासून सुरू केले, तर वेळापत्रक आखून पाळता येते.

वाऱ्याचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि तो वादात कोणीच मांडत नाही. आपल्या किनाऱ्यावर मैदान सहसा किनाऱ्याला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर आखले जाते. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो. उत्तरेकडच्या जोडीच्या पाठीशी वारा राहतो, तिचे जोरकस फटके बाहेर वाहून जातात आणि हिवाळ्यात नैर्ऋत्येला कललेला सूर्यही तिच्याच डोळ्यांवर येतो. समोरच्या जोडीची वाऱ्याविरुद्ध मारलेली सर्व्हिस मात्र नेट ओलांडताच खाली कोसळते. जुन्या नियमात दर पाच गुणांनी बाजू बदलत, पण गुणच तीन रॅलींमागे एक पडत असेल तर वाईट बाजूला पंधरा-पंधरा रॅली काढाव्या लागत. नव्या नियमात पहिल्या दोन सेटमध्ये एकूण सात गुणांनी आणि तिसऱ्यात पाच गुणांनी बाजू बदलते, आणि तिथे गुण म्हणजेच रॅली. एका सेटमध्ये कोणत्याही जोडीला वाऱ्याची शिक्षा सलग सात रॅलींपेक्षा जास्त भोगावी लागत नाही. गोव्यापुरते बोलायचे तर माझ्यासाठी वाद इथेच मिटतो.

तरीही जुन्या पद्धतीतले एक सत्त्व सोडू नये असे मला मनापासून वाटते. अमेरिकेच्या व्यावसायिक मालिकेने अलीकडच्या काळात एक मध्यममार्ग काढला: सामना मॅच पॉइंटवर, म्हणजे विजयाला एकच गुण उरला असताना, आला की गुण गोठतात आणि तिथून पुढे केवळ सर्व्हिस करणारा संघच गुण मिळवू शकतो. समोरच्याच्या सर्व्हिसच्या चुकीवर करंडक हाती येत नाही, तो आपल्या सर्व्हिसवर कमवावा लागतो. निवड चाचणीशी संबंध नसलेल्या स्पर्धेत क्लबाने हा नियम जरूर घ्यावा. मात्र अंतिम फेरी साडेचारच्या आत सुरू करावी, कारण गोठलेला गुण किती वेळ गोठून राहील हे कोणी सांगू शकत नाही. नेटला लागून पलीकडे पडलेली सर्व्हिस पूर्वी चूक धरली जाई, आता खेळ चालू राहतो. यात मी नव्या नियमाच्या बाजूने आहे, कारण वाऱ्यात नेटची निसटती झुळझुळ ओळखण्याचे ओझे एकट्या पंचावर टाकणे बरे नव्हे.

मुलींच्या गटासाठी पोशाखाचा प्रश्न २०१२ मध्येच सुटला आहे. त्याआधी व्यावसायिक स्पर्धांत बिकिनीचा आग्रह होता. त्या वर्षीपासून शॉर्ट्स आणि बाह्यांचे टॉप यांना सर्वत्र मुभा मिळाली. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगावे, संघ वाढतील.

गावच्या मैदानावरून येणाऱ्या खेळाडूंना खरी अडचण होते ती जुन्या-नव्या दोन्ही नियमांत सारख्याच असलेल्या गोष्टींची. वाळूवर बोटांच्या टोकांनी चेंडू हलकेच पलीकडे टाकता येत नाही, ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांपैकी एक मोजला जातो आणि दोन्ही हातांनी दिलेला सेट जरा दुहेरी लागला तरी शिट्टी वाजते. सोडतीच्या आदल्या संध्याकाळी पंचांनी सगळ्या जोड्यांना वाळूवर बोलावून कोणता सेट चालेल आणि कोणता नाही, हे चेंडू हातात घेऊन दाखवावे.