‘उणे ५ अंशांपर्यंत सुरक्षित’ पिंजरा

गिनी पिगसाठी बाहेर ठेवायचा पिंजरा ऑनलाइन शोधत असाल आणि जाहिरातीत वरचे शब्द दिसले, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मी याच शब्दांवर विश्वास ठेवून पिंजरा मागवला होता.

जाहिरातीत दुहेरी भिंत, मध्ये थर्माकोल आणि आत ‘आपोआप तापणारी’ गादी असं सगळं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात आलं ते पातळ प्लायवूडचं खोकं. भिंत एकेरी, आतून चकचकीत फॉइल चिकटवलेली. थर्माकोल नावापुरता छपरात.

गादीला ना वायर, ना बॅटरी. विचारलं तर विक्रेता म्हणतो, “टेक्नॉलॉजी आहे, प्राणी बसला की तापते.” अशा गादीत एक चमकदार थर असतो, तो प्राण्याच्याच अंगची ऊब त्याच्याकडे परत पाठवतो. स्वतः काडीचीही ऊब तयार करत नाही. प्राणी आधीच गारठलेला असेल तर परत पाठवायला तिच्याकडे काय उरणार?

प्राणी आत सोडण्याआधी एक थर्मामीटर रात्रभर पिंजऱ्यात ठेवला, दुसरा बाहेर. पहाटे दोन्हींत जेमतेम एका अंशाचा फरक. विक्रेत्याने लगेच सांगितलं, रिकामा पिंजरा थंडच असणार. हे खरंही आहे, ऊब देणारं आत काहीच नव्हतं. म्हणून दुसऱ्या रात्री गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून आत ठेवली. पाणी कोमट व्हायच्या आतच पिंजरा पुन्हा बाहेरच्याइतका गार. फटी इतक्या की आतलं वाळलेलं गवत वाऱ्याने हलत होतं!

मग सूर बदलला. “अहो, हे प्राणी मूळचे अँडीज पर्वतातले, यांना थंडी बाधत नाही.” अर्धसत्याने गिऱ्हाईक गार करायची ही जुनी रीत. मूळ अँडीजचं, हे बरोबर. पण तिथले लोक त्यांना पिढ्यान्‌पिढ्या घरात, बहुतेकदा स्वयंपाकघरातच पाळत आले आहेत. गिनी पिग शीतनिद्रा घेत नाहीत. पारा १५ अंशांच्या खाली जायला लागला की त्यांना घरात घ्यावं, असंच जाणकार सांगतात. त्यात ओल आणि वाऱ्याचा झोत असेल तर फुप्फुसाचा आजार व्हायला वेळ लागत नाही. प्राणी अंग आखडून एका जागी बसला, कान-पाय गार लागले, खाणं सुटलं, तर आधी त्याला हळूहळू ऊब द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. खाणं थांबलं की त्यांचं आतडंही थंडावतं, आणि ते जिवावर बेततं.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने वर आणखी दोन वस्तू सुचवल्या, अर्थात विकत. एक, पिंजऱ्यावर घालायचं हवाबंद प्लास्टिकचं कव्हर. मुताचा अमोनिया आत कोंडला की श्वासाचा त्रास ठरलेलाच. दुसरा, तापवायचा दिवा. शेजारी वाळलेलं गवत, आणि वायर कुरतडणारे दात! घेतलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

परतीची विनंती पहिल्यांदा फेटाळली. कारण काय, तर “माल वापरलेला आहे.” आत थर्मामीटर ठेवला म्हणजे वापर झाला म्हणे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, खोकं उघडतानाचा व्हिडिओ आणि एकेरी भिंतीचा पट्टी लावून काढलेला फोटो वेबसाइटच्या तक्रार विभागाकडे पाठवल्यावर पिंजऱ्याचे पैसे मिळाले. पाठवणीचा खर्च बुडाला तो बुडालाच.

मागवण्याआधी भिंतीचा कापलेल्या कडेचा फोटो आणि जाडी मिलिमीटरमध्ये मागा. गादी ‘तापते’ म्हणत असतील तर किती वॅटची, ते विचारा. मी हेच प्रश्न नंतर इतर विक्रेत्यांना पाठवले. काहींनी फोटो पाठवले, काहींनी उत्तरच दिलं नाही.

माझे गिनी पिग आता थंडीभर घरातच असतात. तो पिंजरा मात्र अजून विकला जातोय: फोटो तेच, विक्रेत्याचं नाव नवं, आणि आकडा आता ‘उणे १०’ झालाय.