पॅनलमधल्या कव्हरच्या नावाखाली आम्हाला गंडवलं, ऑर्डर देणाऱ्यांनी वाचाच

वर्कशॉपसाठी नवीन एलटी पॅनल (लो टेन्शन, म्हणजे वर्कशॉपभर वीज वाटून देणारं स्विचगिअरचं कपाट) बनवून घेतला आणि त्यात सरळसरळ फसवलं गेलंय, कुणाच्या जिवावर बेतायच्या आत लिहितोय. कोटेशनमध्ये स्पष्ट होतं, आयईसी ६१४३९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पॅनल, बसबारवर (आत वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकची कव्हरं, फॉर्म ३बी (आतले भाग पार्टिशनने वेगळे ठेवायचा प्रकार), आणि दार उघडलं तरी आत आयपी२एक्स, म्हणजे बोट लाइव्ह भागाला लागूच शकत नाही. पॅनल आला तो बाहेरून एकदम चकाचक, आत पारदर्शक शीट, सगळं कागदाप्रमाणेच दिसत होतं.

पुढे एका फीडरची (पॅनलमधून बाहेर जाणाऱ्या लाइनची) केबल बदलायची होती म्हणून आमच्या इलेक्ट्रिशियनने मेन ऑफ केला. कव्हरचा स्क्रू सैल करताना भोकापासूनच शीट तडकली आणि तुकडा इनकमरच्या (बाहेरून सप्लाय येतो त्या मेन स्विचच्या) टर्मिनलवर पडला. आता मेन ऑफ केला तरी इनकमरची सप्लायची बाजू लाइव्हच राहते, मागून सप्लाय बंद केल्याशिवाय ती मरत नाही, आणि तिथे फेज बॅरिअरसुद्धा (दोन फेजमधले आडोसे) नव्हते, तिन्ही लग्ज (केबलची धातूची टोकं) उघडे. पोराने झटकन हात मागे घेतला म्हणून वाचला, मला अजून ते आठवलं की धस्स होतं.

तो तुकडा नंतर बाहेर नेऊन पेटवून बघितला. काडी बाजूला घेतली तरी तो जळतच राहिला. पॉलिकार्बोनेट ज्योत काढली की सहसा आपोआप विझतं, आणि वाकवलं तर वाकतं, हे काचेसारखं कट्कन तुटत होतं. म्हणजे साधं अ‍ॅक्रिलिक! स्पार्क झाला असता तर कव्हरनेच आग वाढवली असती. फॉर्म ३बी मध्ये बसबार, फीडर आणि बाहेरच्या केबलची टर्मिनल्स यांच्यात पार्टिशन हवं, इथे पत्राच नाही, सगळं एकाच पोकळीत. मेन ऑन असताना दार उघडू नये म्हणून हँडलला इंटरलॉक असतो, तोही काढलेला. आणि जो टेस्ट रिपोर्ट दिला तो दुसऱ्याच रेटिंगच्या पॅनलचा निघाला.

पॅनल बनवणाऱ्याला विचारलं तर म्हणे "शीट लावलीय ना, काम चाललंय ना". संताप झाला अक्षरशः. पॅनल बंद ठेवलाय, उरलेले पैसे रोखलेत, लेखी तक्रार दिलीय, अजून उत्तर नाही.

ऑर्डर देताना शीटचं मटेरियल आणि जाडी पीओमध्ये (खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये) लिहून घ्या, त्याच शीटचा उरलेला तुकडा मागा, आणि पॅनल त्यांच्याकडे असतानाच दार उघडून, कव्हरं काढून तपासा, शेवटचं पेमेंट त्यानंतरच.