नव्या टायरला पॉलिश लावताना दिसला की तिथून निघा

ठाण्यात घोडबंदर रोडवर पाटलीपाड्याच्या पुढे सर्व्हिस रोडला पंक्चरवाल्यांच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या एकाने मला २,५५० रुपयांची टोपी घातली. बाईकच्या मागच्या चाकात खिळा होता एक, त्याने साबणाचं पाणी मारलं तेव्हा भोकं निघाली पाच! टोच्या, म्हणजे अणकुचीदार दाभण, त्याच्याच हातात होता; बाकीची भोकं कोणी पाडली ते तुम्हीच ओळखा. "एका पंक्चरचे १२० धरले तरी सहाशे जातील साहेब, त्यात टायर पण तडकलाय, कधीही फुटेल."

तडे होते, नाही म्हणत नाही. टायर २०२१ चा, गाडी सोसायटीत उघड्यावर. उभ्या गाडीचा टायर उलट लवकर तडकतो. रबरात घातलेलं मेण टायर फिरत राहिला तरच वर येतं आणि रबर जपतं. पण माझ्या टायरचे तडे बाजूला, वरवरचे होते. नख अडकत नव्हतं, नक्षीच्या खाचांच्या तळाशी काही नव्हतं, कुठे फुगवटा नव्हता, टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे टायर किती झिजला ते दाखवणाऱ्या खाचांतल्या उंचवट्यांपर्यंत झीज पोचली नव्हती. हे मी त्याला बोललोही. पण भर दुपार, पाच भोकं, गाडी ढकलायला जागा नाही आणि ऑफिसातून फोनवर फोन. माझ्या जागी कोणीही 'बसव बाबा' म्हटलं असतं.

आणि मग त्याने आतून 'नवा' टायर आणला. १००/९०-१७, ट्यूबलेस, मापाचाच. स्टुलावर ठेवला आणि फडक्याने त्याला काळं पॉलिश चोळायला लागला. माझ्यासमोर! खाचांमध्ये बोट घालून घालून चोळत होता. नव्या टायरला पॉलिश कशाला? विचारलं मी. म्हणाला, "गोडाऊनची धूळ बसते." नव्या टायरच्या अंगावर असतात ते रबराचे केस नाहीत, कागदी स्टिकर नाही. त्यावर उत्तर तयार: "ट्यूबलेसला केस येत नाहीत." साफ खोटं. तेव्हाच किल्ली उचलून गाडी ढकलत निघायला हवं होतं, हे आता रोज रात्री सुचतं. पण टायर गोदामात कसा ठेवतात हे गिऱ्हाइकाने का माहीत ठेवायचं?

हिशेब असा: टायर २,४५०, वॉल्व्ह ६०, फिटिंग १५०, जुन्या टायरचे ११० वजा. बिल मागितलं तर "१८ टक्के वर लागतील". एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वर जीएसटी मागणारा चोरच समजा. क्यूआर कोडवर नाव दुकानाचं नाही, भलत्याच कोणाचं.

पहिल्या मोठ्या पावसात पॉलिश धुऊन गेलं. कापूरबावडीला ब्रेक मारला आणि मागचं चाक सरकलं, थोडक्यात वाचलो. कोळशेतच्या ओळखीच्या मेकॅनिकने टायर दिव्याखाली धरला. झिजलेल्या टायरवर गरम पात्याने नक्षी पुन्हा कोरलेली. ओळखायचं कसं, तर खाचेत टीडब्ल्यूआयचा उंचवटा आडवा असतो, तो इथे सलग कापून टाकला होता. दोन ठिकाणी तर आतला धागा दिसत होता. बाजूवरचा चार आकडी कोड: १११६. म्हणजे २०१६ चा अकरावा आठवडा. २,५५० देऊन माझा २०२१ चा टायर काढला आणि पाच वर्षांनी म्हातारा बसवून घेतला! टायर घेताना आधी हे चार आकडे वाचा, ते घासलेले असतील तर दुकानच सोडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा झाली की नक्षी असली तरी बदला, असं टायर कंपन्याच सांगतात.

दुकानदार ओळखच देईना. "हा टायर माझ्याकडचा कशावरून?" पोलीस चौकीत गेलो, तर साहेबांनी टायरकडे न बघता "हे दिवाणी आहे" म्हणून हात झटकले. अहो, चाक घसरून माणूस मेला तर मग फौजदारी होणार का? म्हणे पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत. तिथून एका सरकारी कचेरीत. तिथल्या बाई म्हणाल्या, बिल दाखवा. बिल न देणं हीच तर तक्रार आहे, म्हटलं. म्हणाल्या, मग लेखी द्या. लेखी दिलं तर पोच द्यायला शिक्का नाही, शिक्केवाले रजेवर. टायर कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की विक्रेता अधिकृत नाही, सबब जबाबदारी नाही. त्यांचं नाव टायरवर ठळक छापलेलं आहे, ते चालतं! खेटे सगळ्यांनी मिळून मलाच घालायला लावले. रस्त्यावर खिळे सांडतात कसे, एकेका टपरीजवळच का सांडतात, हे विचारायला मात्र कोणाला वेळ नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. पुरावा म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि तो कोरलेला टायर, जो गॅलरीत पडलाय आणि घरच्यांची बोलणी खातोय. नवा टायर २,७८० ला घेतला, बिलासकट, बसवण्याआधी कोडचा फोटो काढून.

पंक्चर काढताना चाकापाशी उभे राहा, चहाला जाऊ नका. खिळा काढायच्या आधी फोटो काढा. आणि जुना टायर तिथे सोडायचाच असेल तर आधी ब्लेडने त्याची बाजू आरपार चिरा. मी ११० रुपयांसाठी दिलेला टायर त्याने कोणाला विकला असेल, देव जाणे.